ओळीच्या शेवटचा ठिपका

सकाळी सव्वाआठला फोन वाजला. पलीकडे दादा होता. "काय गं परीक्षानळी" ही नेहमीची हाक आज त्याने मारली नाही.

"तू ये," तो म्हणाला. "माझं नाव मातीत मिळणार आहे."

"काय झालं?"

"उद्या दुपारी बाराला मालकीण साइटवर माफीनामा टाकणार. मुद्रितशोधकाच्या हलगर्जीपणामुळे आमच्या पानांवर चुका राहिल्या, असा. त्यांच्याकडे मुद्रितशोधक एकच आहे. मी."

"चुका राहिल्या का?"

"मी पंचेचाळीस वर्षं प्रूफं वाचतोय!"

"हे उत्तर नव्हे, दादा."

"मी तपासल्यावर कुणीतरी घालतंय. मला घालवायला. शोधून काढ."

त्याची ही धाकटी बहीण एकतीस वर्षं पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत होती. नमुना हाती येण्याआधी निष्कर्ष काढायचा नाही आणि आलेल्या नमुन्याला हात लावायचा नाही, या दोन सवयी निवृत्तीनंतरही सुटल्या नव्हत्या. तिने वही घेतली, पेन घेतलं आणि निघाली.

दुकान म्हणजे दोन मजले. खाली कारखाना: चामडं, डिंक, भिंतीवर ओळीने टांगलेले लाकडी पायाचे साचे. वर एक लांब खोली, तीन टेबलं, एक कपाट. ज्यांच्या पायांना साखरेच्या आजारामुळे काही टोचलेलं कळत नाही, त्यांच्यासाठी इथे बूट बनत. मागणी फक्त साइटवरून. गिऱ्हाईक घरीच कागदावर पाय ठेवून पेन्सिल फिरवी, तो कागद पाठवी आणि बूट यायची वाट बघे. दुकानाचं तोंड न बघता.

दादा जिन्यात उभा होता. ती बोलेपर्यंत त्याने ओळखलं नाही. मग हसला. बोलताना तो तिच्या डोळ्यांकडे बघत नव्हता, कानाकडे बघत होता. लाज वाटत असेल, असं तिला वाटलं.

मालकीण पस्तिशीची, बोलायला सडेतोड. तिने एक छापलेलं पत्र पुढे सरकवलं.

'आईसाठी बूट घ्यायचे होते. तुमच्या पानावर मथळ्यातच मधूमेह. खाली शुध्द चामडे. असल्या पानांना मी फसवणुकीची पानं समजते. ज्या दुकानाला आपल्या पाटीवरची अक्षरं नीट लिहिता येत नाहीत, ते माझ्या आईच्या पायाचं माप काय नीट घेणार?'

"अशी किती?"

"लिहून कळवणारे नऊ. न कळवता निघून जाणारे मोजता येत नाहीत. महिन्याभरात मागण्या निम्म्यावर आल्या."

"मजकूर कोण लिहितं?"

"मी. आणि माझं शुद्धलेखन म्हणजे आनंदीआनंद, ते सगळ्यांना माहीत आहे. म्हणून तर मास्तर ठेवले. मी लिहिते, छापून मास्तरांना देते. ते पेन्सिलीने सुधारतात, सही करतात. मग त्यांची मुलगी ते संगणकावर करते आणि पान चढवते."

"कुणावर संशय?"

"मास्तरांचा म्हणाल तर साइट बांधणाऱ्यावर. भांडून गेला तो. पासवर्ड त्याच्याकडे अजून असेल. मला विचाराल तर..." तिने आवाज खाली केला. "बाई, माणूस थकतो. पण मास्तर कबूल करतील तर शपथ. महिन्यापूर्वी दुकानाला पाच वर्षं झाली, तेव्हा मी त्यांना सगळ्यांसमोर घड्याळ दिलं. तर काय म्हणाले, 'पानं स्वच्छ राहतात ती या पेन्सिलीमुळे. माझ्या लेकीच्या भरवशावर सोडलीत तर दुकानाला टाळं लावावं लागेल!' हसून हसून पुरेवाट झाली आमची."

"लेक हसली?"

"ती कप गोळा करत होती."

साइट बांधणारा फोनवर आला तोच चिडून.

"माझ्याकडे पासवर्ड आहे, हो. पण प्रत्येक पान कधी चढलं, कधी बदललं, याची नोंद असते. पाठवतो, बघून घ्या. या महिन्यातली पंधरा पानं, पंधरा वेळा चढली. त्यानंतर एकालाही कुणी बोट लावलेलं नाही."

नोंद आली. तो खरं बोलत होता. पानं चढली ती चुकांसकटच चढली होती.

मग भाची. कोपऱ्यातलं टेबल तिचं, खिडकीकडे पाठ. वय एकतीस, चेहरा शांत.

"आत्या, तू माझी पण उलटतपासणी घेणार?"

"घेणार. पानं तू चढवतेस?"

"हो."

"चुका तू घातल्यास?"

"एकही नाही." तिने सरळ डोळ्यांत बघून सांगितलं. "बाबांनी वाचलेल्या पानांवर त्यांनी जे सुधारलं ते मी सुधारलं. जे नाही सुधारलं ते नाही. काना इकडचा तिकडे केला नाही. हवं तर शपथ घेते."

"शपथ नको. प्रूफं कुठे असतात?"

"कपाटात. बाबा कागद फेकत नाहीत. आई गेली तेव्हा तिच्या औषधांच्या चिठ्ठ्यासुद्धा तारीखवार लावल्या होत्या त्यांनी." बोलून ती पुन्हा पडद्याकडे वळली.

कपाटात दोन वर्षांची प्रूफं होती. आत्याने चार तास तिथून हलायचं नाव घेतलं नाही.

दादाची पद्धत तिला लहानपणापासून माहीत होती. छापखान्यात शिकलेली. ओळ अक्षर अक्षर करून वाचायची. चूक असेल तर सुधारायची. नसली तरी वाचून झाल्याची खूण म्हणून शेवटी, समासात, पेन्सिलीचा एक ठिपका द्यायचा. ठिपका नाही ती ओळ वाचलेली नाही. तिची शाळेची वहीसुद्धा त्याने अशीच ठिपके देत तपासली होती.

तिने आधी अलीकडची पंधरा पानं घेतली. मग मागच्या दोन वर्षांतली वीस, कुठलीही, डोळे मिटून काढलेली. एकेक प्रूफ साइटवरच्या पानाशी ताडून पाहिलं. वहीत आकडे भरत गेले. तीन वाजता तिने वही मिटली. चष्मा काढला.

नंतर तिने सगळ्यांना बोलावलं.

"साइट बांधणारा यात नाही," ती म्हणाली. "चुका नंतर घातलेल्या नाहीत. पंधरापैकी चौदा पानं चुकांसकट चढली, पंधरावं अगदी स्वच्छ आहे. बूट परत कसे करावेत, त्याचं पान. म्हणून मी आधी तेच बघितलं. दादा, ते तू कधी वाचलंस?"

"सही आहे ना माझी?"

"सही आहे. ठिपका एकही नाही."

दादाने प्रूफाकडे हात पुढे केला.

"प्रूफात सात चुका आहेत, पेन्सिल कुठेच लागलेली नाही. साइटवर सातही दुरुस्त. म्हणजे जे पान तू वाचलंच नाहीस, तेच एक शुद्ध आहे. सहीखाली मंगळवारची तारीख आहे. दादा, त्या दिवशी तू कुठे होतास?"

"घरी नेऊन वाचलं मी ते."

"दादा."

"डोळ्याच्या डॉक्टरकडे," तो म्हणाला. ते तिच्या कानाला उद्देशून म्हणाला.

"डोळ्याच्या पडद्यावर, मधोमध?" तिने विचारलं.

"डाग आहे. दोन्हीकडे. कडेचं दिसतं. ज्याच्याकडे बघावं तेवढंच दिसत नाही." तो टेबलाच्या कडेवर बोट फिरवत राहिला. "वाढलाय, म्हणाले."

मालकीण अर्धवट उठली. आत्याने तिला हाताने बसवलं.

"चौदा पानांवर मिळून एक्केचाळीस चुका आहेत. त्यातल्या एकोणचाळीस ठिपका नसलेल्या ओळींत. उरलेल्या दोन कुणाच्याही हातून राहतात. तू लबाडी केली नाहीस, दादा. ओळ निसटली हे तुला कळतच नव्हतं. वरची ओळ संपवून तू एक सोडून खालच्या ओळीवर उतरत होतास."

"मग मास्तरांचाच दोष," मालकीण म्हणाली. "माफीनाम्यात मी खोटं काय लिहिलं?"

"थांबा. हे महिन्याचं झालं. आता जुनी वीस पानं." आत्याने वही उघडली. "तिथेही ओळी सुटल्यात. दोन वर्षांपासून. पेन्सिल न लागलेल्या सव्वीस चुका आहेत प्रूफांत. आणि साइटवर त्यातली एकही नाही. दादाच्या नजरेतून सुटलेलं दुसरं कुणीतरी रोज दुरुस्त करत होतं, कुणाला न सांगता. दादाला घड्याळ मिळालं त्या दिवसानंतर ते थांबलं. दादाच्या हातातून कागद पुढे एकाच टेबलावर जातो."

कुणीही कोपऱ्याकडे बघितलं नाही. भाचीने स्वतःच खुर्ची वळवली.

"मी सांगितलं होतं, आत्या. एकही चूक घातली नाही."

"खरं सांगितलंस. काढायची तेवढी थांबलीस."

"माझं काम बाबांनी लिहिलेलं उतरवायचं. माझ्या भरवशावर सोडलं तर टाळं लागेल ना? मग नाही सोडलं माझ्या भरवशावर. बाबांच्याच भरवशावर सोडलं."

"आणि परतीचं पान?"

"त्यात बाबांचं काहीच नव्हतं. त्यांची चूक दाखवायची तर त्यांनी वाचलेलं तर हवं." ती बाबांकडे वळली. "दोन वर्षं, बाबा. आधी ओळ वाचायची. मग तुमचा ठिपका आहे का बघायचा. संध्याकाळी घरी गेल्यावर तुमच्या तोंडून ऐकायचं, तुझी पिढी किती निष्काळजी. एकदा तरी म्हणाला असतात की पोरी, मला दिसत नाही गं."

दादाने टेबलाच्या कडेवरचं बोट उचललं.

"तुला माहीत होतं?" तो म्हणाला.

"चहा कपाच्या बाहेर ओतता तुम्ही. पुसतं कोण?"

मालकिणीने टेबलाच्या खणातून दुसरा कागद काढला. तिचा आवाज आता चढा नव्हता, आणि म्हणूनच ऐकवत नव्हता.

"ते पहिलं पत्र लिहिणारीच ही. काल आलं. आपल्याला लबाड समजून तिने दुसऱ्या साइटवरून बूट घेतले. मी ती साइट बघितली. भाषा इतकी सुरेख, की वाचत राहावं. कुठे नखाएवढी चूक नाही. पत्ता मात्र खोटा, आणि बुटाच्या आत पुठ्ठा. तिच्या आईला जखम झालेली कळलीच नाही. आठ दिवसांनी मोजा ओला दिसला तेव्हा कळलं. अंगठा काढावा लागेल, म्हणतायत."

खालच्या मजल्यावर कुणीतरी साच्यावर हातोडी मारत होतं. भाचीने कागद हातात घेतला, दोनदा वाचला.

"मला वाटलं, फार तर लोक हसतील," ती म्हणाली. "बाबांना."

"हसले नाहीत," मालकीण म्हणाली. "निघून गेले."

माफीनामा तिने फाडला. नवा लिहायला घेतला, त्यात कुणाचंच नाव नव्हतं, नुसतं 'आमच्याकडून' होतं. मग थांबून म्हणाली, "हा तपासणार कोण?"

दादाने एक कोरा कागद पुढे ओढला.

तिथेच, उभ्याउभ्या, त्याने राजीनामा लिहिला. सहा ओळी. एक ओळ दुसरीवर चढली होती. लिहून झाल्यावर त्याने हाताने चाचपत समासात ठिपके दिले. चारच पडले.

कागद त्याने लेकीपुढे ठेवला. "एवढं टंकून दे. आणि वाचून दाखव."

तिने टंकलं. मग मोठ्याने वाचून दाखवलं. आवाज स्वच्छ होता, शब्द न् शब्द बरोबर. दादाने मान हलवली. त्याला समाधान वाटलं असावं.

आत्या मागे उभी होती. पडद्यावर तिला दिसत होतं, शेवटच्या दोन ओळींतल्या तिन्ही चुका जशाच्या तशा होत्या. त्या ऐकू येत नाहीत.

"छापू?" भाचीने विचारलं.

"छाप," दादा म्हणाला आणि कठड्याचा अंदाज घेत जिन्याकडे निघाला.

आत्याने भाचीच्या खांद्यावरून हात पुढे केला. एकतीस वर्षांत तिने कधी नमुन्याला हात लावला नव्हता. तिने एक अक्षर खोडलं, दुसरं घातलं. मग पुढचं. तिसरं.

भाचीने तिला अडवलं नाही. छापायची कळ दाबली आणि कागद बाहेर येईपर्यंत त्याच्याकडे बघत राहिली.

"मीपण दोनच ओळींपासून सुरुवात केली होती, आत्या."