धवलेरीची सीडी

विनोद नेहमी मिरवायचा, माझ्या लिनक्सला दाद देणार नाही असं यंत्र अजून बनायचंय. डहाणू रोडला त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. पण आज गंजाडच्या मांडवात, भर सकाळी, सगळ्या वऱ्हाडासमोर त्याची पार शोभा चालली होती.

लग्न सुषमाचं. गाणी म्हणून लग्न लावणारी धवलेरी वेवजीहून आली खरी, पण तापानं तिचा घसा पुरता बसलेला. धवलेरीच्या गाण्याशिवाय लागलेलं लग्न इथे कोणी लग्न धरत नाही. नवऱ्याकडचे परत फिरायची भाषा करू लागले. तेव्हा सुषमाची आई हिराबाई हिनं ट्रंकेतून स्वतःच्या लग्नाची सीडी काढली. तीत तेव्हाची धवलेरी जमुनाआजी गायली होती. सुषमा जन्मायच्या आधीच आजी गेली.

विनोदनं सीडी ड्राइव्हमध्ये घातली, ड्राइव्ह लॅपटॉपला जोडला. दिवा लुकलुकला आणि विझला. लिनक्सला ड्राइव्ह दिसत होता, सीडी दिसेना. त्यानं पोर्ट बदललं, परवानग्या दिल्या, वेगळी वीज जोडली. पडद्यावर एकच उत्तर, आत सीडी नाही.

“आहे रे बाबा, मीच घातलीय,” विनोद लॅपटॉपला म्हणाला. पोरी खुदखुदल्या.

हिराबाईनं ताडीचा पेला आणून ड्राइव्हशेजारी ठेवला. “घोट घेतल्याशिवाय आजी गळा उघडायची नाही कधी.”

“मावशी, सांडली तर सगळंच जाईल.” त्यानं वायर उपसली आणि ड्राइव्ह काखेत मारला.

स्पीकर खाकरला.

मग सूर लागला, म्हातारा पण खणखणीत. बायकांनी ओळखलाच, आणि त्यात आपले आवाज मिसळले. आजीनं नवरीचं नाव घेतलं, सुषमा. नवऱ्याचं घेतलं, अमृत. हिराबाई रडता रडता हसत होती. लग्न लागलं. तारपा घुमला, आणि जमलं एकदाचं म्हणत विनोदही फेरात शिरून मनसोक्त नाचला.

नवरी गेल्यावर तो सामान आवरायला बसला. लॅपटॉपची वायर मोकळी लोंबत होती.

ड्राइव्ह अजून त्याच्या काखेतच होता.

पेला रिकामा होता. खाली एक थेंब सांडला नव्हता.

त्यानं ड्राइव्हच्या बारीक भोकात पिन घालून ट्रे उघडला. सीडी बोटांना ओली लागली. तिला ताडीचा वास येत होता.