तालमीतला देवचार

नंदिगड्ड्याचा पैलवान पुंडलिक तालमीत तिसऱ्यांदा कोसळला, तेव्हा अर्ध्या गावानं देवचाराच्या भुताला दोषी धरलं आणि अर्ध्यानं पुंडलिकाच्या बायकोला. देवचार हाती लागेना, म्हणून बायकोला खोलीत कोंडण्यात आलं.

साल एकोणीसशे अठ्ठावीस. पुंडलिकाचा निरोप मिळताच बेळगावचे खाजगी गुप्तहेर यशवंतराव देसूरकर आले आणि बैलगाडीतून उतरले. मागून त्यांचे स्नेही बाबुराव मास्तर उतरले. वाटेत वाघाची डरकाळी ऐकल्यापासून मास्तर छत्री उगारूनच बसले होते.

पुंडलिक बाजेवर पडला होता. देह ओंडक्यासारखा, ओठ मात्र पांढरे.

"हातपाय लटपटत्यात, घाम सुटतो, डोळ्यांपुढं अंधार. पुढच्या खेपेला मी उठणार न्हाई, सायेब."

त्याला मधुमेह होता. इन्शुलिन नावाचं नवं औषध रोज सकाळी टोचून घेऊ लागल्यापासून तो पुन्हा आखाड्यात उतरला होता.

"घरी बसल्या-बसल्या असं होतं?" यशवंतरावांनी विचारलं.

"न्हाई. तालमीतच."

"देवचार तालमीत राहतो तर," मास्तर पुटपुटले आणि दाराकडून आत सरकले.

"आणि सुट्टीच्या दिवशी गावाला जातो," यशवंतराव म्हणाले.

धाकटा भाऊ परशू डोळे पुसत आला. "औषध मीच आणतो बेळगावास्नं, मीच टोचतो. रोज सारखंच. वैनीनं घात केला अण्णाचा!"

"दुसरं जड काम करतो तो?"

"व्हय की. माघात आम्ही दोघांनी जंगलातनं ओंडका आणला. एक टोक त्याच्या खांद्याव, एक माझ्या. काय झालं न्हाई. वाटेत दोनदा बसवून काकवी घातलेली पेज पाजली मी. भावाची काळजी भावालाच!"

पुंडलिकाचा तालमीतला जोडीदार नागू कुस्तीपेक्षा बोलायला जास्त घाबरत होता. "वैनी त्याच्या पटक्यात गुळाचा खडा बांधायच्या. परशूनं तीनदा हिसकून कुत्र्याला टाकला. तिन्ही वेळा त्यो पडलाच."

"आणि कुत्रं?"

"धडधाकट हाय."

पुंडलिकाची बायको केशर कोंडलेल्या खोलीच्या कोपऱ्यात अंग चोरून बसली होती. "बैठका काढताना ह्यांना कापरं भरायचं. गूळ खाल्ला की थांबायचं. म्हणून द्यायची. सांजच्याला मला हाकलणार. माहेर अणशीला, वाटेत सगळं रान. त्याचंबी भ्या न्हाई. पण माझ्यामागं ह्यांना गूळ कोण देणार?"

संध्याकाळी अंगणात गाव जमलं. कुणी काठ्याही आणल्या होत्या. मास्तरांनी त्या मोजायचं टाळलं.

"विष कुणीच घातलं नाही," यशवंतराव म्हणाले. "इन्शुलिननं रक्तातली साखर उतरते. कसरतीनंही उतरते. दोन्ही एकदम झालं की ती फार खाली जाते. माणूस कापतो, कोसळतो, मरतोसुद्धा. म्हणून कसरतीच्या दिवशी डॉक्टर औषध कमी सांगतात, किंवा मधेमधे खायला सांगतात. केशर त्याला मारत नव्हती, जगवत होती. गूळ मिळाला नाही, त्याच दिवशी तो पडला."

"मला काय ठावं?" परशू ओरडला. "साखरेच्या रोग्याला गोड वाईट, एवढंच कळतं मला!"

"मग माघात काकवी कशी पाजलीस?"

परशू एक पाऊल मागं सरकला.

"त्या दिवशी ओंडक्याचं दुसरं टोक तुझ्या खांद्यावर होतं. पुंडलिक पडला असता तर ओंडका तुझ्यावर आला असता. औषध देताना डॉक्टरांनी तुला काय सांगितलंय ते तेव्हा बरं आठवलं! तालमीत तो एकटाच पडणार होता."

"पण कशासाठी?" सगळ्यांना कळून चुकल्यावर मास्तरांनी विचारलं.

"पुंडलिकाला मूल नाही. तो गेला, केशर रानात गेली, की शेत कुणाचं?"

परशूनं फाटकाकडं पाहिलं. तिथं नागू उभा होता. आता तो घाबरलेला दिसत नव्हता.

पुढच्या आठवड्यात बेळगावच्या दवाखान्यात डॉक्टरांनी केशरला सगळं शिकवलं आणि सुई हातात दिली. मास्तरांनी भिंतीकडं तोंड केलं.

"जास्त गेलं तर?" तिनं सुई उजेडाकडं धरली. "ह्यांच्या भावानं जे केलं, ते माझ्या हातनं चुकून झालं तर?"

"भ्या वाटतंय?" पुंडलिकानं विचारलं.

"व्हय."

"मलाबी," तो म्हणाला आणि दंड तिच्यापुढं धरला.