एकाहत्तर मोती

ही गोष्ट खरी आहे. पटली तर पटली, नाही तर सोडून द्या. माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत हे घडलंय, आणि खरं सांगायचं तर अजून संपलेलं नाही.

रात्र नव्हती, वीजही गेलेली नव्हती. भर दुपार होती. दोन ते चारची वेळ, दुकानाचं शटर अर्ध्यावर, आणि बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नाही.

मला दोन मावश्या. थोरली आणि धाकटी. दोघींनीही लग्न केलं नाही. तीस वर्षं मिळून एकच दुकान चालवलं. शिंप्याच्या शेजारचं, बोळासारखं लांबट. पुढे काचेच्या कपाटात जुने दागिने, बंद पडलेली खिशातली घड्याळं, आणि आत कुणाकुणाचे फोटो तसेच राहिलेली लॉकेट. मागच्या खोलीत नुसते खण. मणी, बटणं, लेस, तारा, हूक.

थोरली पुढच्या खुर्चीत बसून मोती गाठवायची. रेशमी दोऱ्याला मेण लावायचं, मोती ओवायचा, गाठ मारायची, मग पुढचा मोती. सर पूर्ण झाला की डोळे मिटून ती पहिल्या गाठीपासून शेवटच्या गाठीपर्यंत बोटं फिरवायची. एखादी सैल लागली की जिभेने बारीकसा आवाज काढायची.

"च्..."

आणि डोळे न उघडताच कात्री. कितीही भारी माल असो, सैल गाठ सापडली की दोरा तिथल्या तिथे कापायचा, हा तिचा नियम.

आणि धाकटी? धाकटी मागच्या खोलीत बटणं निवडायची.

हात तिचाही चांगला होता. पण तिने सुई उचलली की थोरली म्हणायची, "राहू दे, मी करते." रागाने नाही हो, अगदी प्रेमाने. तेच जास्त लागायचं.

गिऱ्हाईकं तर त्याहून पुढची.

"मोठ्या ताई आहेत का?"

"बाहेर गेल्यात. मी बघू का?"

"नको नको. संध्याकाळी येते."

तीस वर्षं हे ऐकायचं! धाकटी मावशी मला स्वतःच्या तोंडाने म्हणाली होती, "तिचं कौतुक झालं की माझ्या पोटात दुखायचं गं. सख्खी बहीण, पण डोळ्यांत खुपायची."

थोरलीची एक खूण होती. प्रत्येक सराच्या टोकाला, हुकाजवळ, एक इवलासा निळा मणी. लोक मानेमागे हात नेऊन तो मणी दाखवायचे. "हे मोठ्या ताईंचं काम बरं का!"

तीन वर्षांपूर्वी थोरली आठ दिवसांच्या तापात गेली. धाकटी धाय मोकलून रडली, ते रडणं खोटं नव्हतं. मग एक दिवस तिने दुकान उघडलं, पुढच्या खुर्चीवरची धूळ पुसली आणि त्या खुर्चीत बसली.

पहिलंच गिऱ्हाईक आलं.

"मोठ्या ताईंच्या हातचं काही शिल्लक आहे का हो?"

कपाटात थोरलीचे सात सर उरले होते. लोक यायचे ते फक्त तेच बघायला. धाकटीने स्वतः गाठवलेले सर शेजारीच टांगलेले असायचे, त्यांच्याकडे कुणी ढुंकूनही बघेना. शेवटी एका दुपारी तिचं डोकं फिरलं. तिने कात्री घेतली आणि सातही सरांचे निळे मणी काढले. त्या जागी लाल मणी गाठवले. आपली खूण. निळ्या मण्यांची अख्खी डबी तिने समोरच्या कचऱ्यात रिकामी केली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती डुलकी घ्यायला खुर्चीत मागे टेकली, आणि...

टिक.

काचेवर मणी पडल्यासारखा आवाज.

तिने उठून पाहिलं. काच स्वच्छ होती. खाली वाकून पाहिलं. काही नाही.

टिक... टिक...

सात वेळा. तिने मोजले.

मग तिचं लक्ष कपाटाकडे गेलं. सातही सरांतले लाल मणी नव्हते. गाठी जागच्या जागी होत्या, दोरा कुठेही कापलेला नव्हता. दोन घट्ट गाठींच्या मध्ये फक्त रिकामी जागा.

आणि दुकानभर वास... कोमट मेणाचा.

धाकटी काही भित्री नाही. पण त्या दिवसापासून तिने पुढची खुर्ची सोडली. पुन्हा मागच्या खोलीतल्या स्टुलावर जाऊन बसली. मला म्हणाली, "मेल्यावरसुद्धा बाई खुर्ची सोडेना!"

मग एक दिवस जवळच्या शाळेत शिकवणाऱ्या एक बाई आल्या.

ओढणीच्या टोकात त्यांनी मोती बांधून आणले होते. एकाहत्तर. त्यांच्या आईचा सर तुटला होता.

"मोठ्या ताई आता..." धाकटीने सवयीने सुरुवात केली.

"मला माहीत आहे. मला तुम्हीच हव्या होतात. दहा वर्षांपूर्वी ताई बाहेर गेल्या होत्या तेव्हा तुम्ही माझ्या लॉकेटचा दोरा गाठवून दिला होता. आठवतंय? हा बघा, अजून तसाच आहे."

मावशी हे सांगते तेव्हा आजही तिचा आवाज कापतो. तीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी तिला शोधत आलं होतं.

तिने तीन दुपारी खपून तो सर गाठवला. एकेक गाठ जीव ओतून. टोकाला लाल मणी. मग दोरा ताणून बसावा म्हणून सर खिळ्याला टांगला आणि रिकाम्या खुर्चीकडे बघून ती म्हणाली, "ताई, तुझे पाय धरते. याला हात लावू नकोस."

दुकानात शांतता.

शेजारच्या शिंप्याच्या मशीनचा आवाजही थांबला होता.

आणि... पहिला मोती हलला.

अगदी जरासा. मग त्याच्या खालचा. मग त्याच्या खालचा. दोन बोटांच्या चिमटीत कुणीतरी गाठ दाबून बघतंय, सोडतंय, पुढची धरतंय... मावशीला जागचं हलता येईना. एक एक करत ते लाल मण्यापाशी येऊन पोचलं.

ती ताईच्या त्या "च्..."ची वाट बघत उभी राहिली.

आवाज आला नाही.

मोती पुन्हा पहिल्यापासून हलू लागले. या वेळी जरा घाईने. मग तिसऱ्यांदा. मग चौथ्यांदा. चार वाजेपर्यंत ते चाललं होतं. एकही सैल गाठ सापडली नाही.

घामाने भिजलेल्या मावशीच्या एकदम लक्षात आलं. ताईला दोष काढायचाय आणि काढता येत नाहीये. ताई जळतेय!

शाळेतल्या बाई सर घेऊन खुशीत गेल्या. तिसऱ्या दिवशी परत आल्या त्या पांढऱ्याफटक चेहऱ्याने.

"घातला की मानेवर कुणाची तरी बोटं फिरतात हो. दुपारची. थंडगार. दोरा बदलून द्याल का?"

दोरा कापायचा, मोती मोकळे करायचे, नव्या दोऱ्यात गाठवायचे. थोरली गाठी तपासायची, मोती नाही. जुना दोरा गेला असता तर सगळंच मिटलं असतं, हे मावशीलाही कळत होतं.

"ठेवून जा," ती म्हणाली.

याला आता अडीच वर्षं झाली. बाई दर महिन्याला फोन करतात. मावशी सांगते, तसं रेशीम मिळत नाहीये.

गेल्या आठवड्यात मी दुपारी दुकानात गेले. मावशी स्टुलावर डोळे मिटून बसली होती. गळ्यात तोच सर. आणि तिच्या हनुवटीखाली मोती... एकामागून एक... हलत होते.

मी ओरडले, "मावशी, काढ ते! कात्री दे, मी कापते!"

तिने डोळे उघडले. हसत होती.

"कशाला? तीस वर्षांत तिने माझं काम एकदाही हातात घेऊन बघितलं नाही. आता रोज येते."

मी तिच्या मागे जाऊन हूक काढायला हात घातला, तर तिने माझ्या हातावर फटका मारला. पण तेवढ्यात मला दिसलं. हुकापासून तिसरी गाठ. अडीच वर्षं रोज चिमटीत दाबली गेल्यावर काय होणार? दोरा तिथे पिंजला होता. गाठ सैल होऊ लागली होती.

तेव्हा बोलायचा धीर झाला नाही. घरी आल्यावर झोप लागेना. मला थोरलीचा नियम आठवत होता. थोरलीची कात्री अजून त्या खुर्चीच्या हाताला, लाल दोरीने बांधलेली, तशीच लटकतेय.

आज जेवण झाल्यावर मी फोन केला. "मावशी, ऐक. तिसरी गाठ सैल आहे. आत्ताच्या आत्ता तो सर गळ्यातून काढ."



"माझी गाठ सैल?" मावशीचा आवाज थरथरत होता. भीतीने नाही, रागाने. "तूही तिच्याच वळणावर गेलीस. माझं चांगलं झालेलं बघवत नाही तुम्हाला."

"मावशी, अगं..."

"च्..."

फोन बंद झाला.

मावशी चिडली होती, तिनेच तो आवाज काढला असेल, असं मी मनाला समजावतेय. पण तिला ती सवय कधीच नव्हती. ती सवय थोरलीची.

फोन केला तेव्हा दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. आता सव्वातीन होत आलेत. तिकडे निघालेय, रिक्षात बसून हे लिहितेय. मधून मधून फोन लावतेय.

रिंग वाजतेय. कुणी उचलत नाहीये.