भरावाची जमीन

महामार्गावर विजेच्या गाड्या चार्ज करायची स्टेशनं कुठे बांधायची, हे ठरवणं तिचं काम. जमीन पाहायची, वीज किती लांबून आणावी लागेल ते मोजायचं, अहवाल द्यायचा. हे सगळं तिला ऑफिसातल्या साहेबांनी हाताला धरून शिकवलं होतं. वडील गेल्यावर तिच्या पाठीशी उभे राहिले तेही साहेबच. त्यांच्या बायकोला ती काकू म्हणायची.

त्या दुपारी नेहमीचा तपासनीस रजेवर होता, म्हणून एका नव्या स्टेशनच्या तपासणीला तीच निघाली. गाडीतून उतरली आणि जागच्या जागी थबकली. ही जागा तिने दोन वर्षांपूर्वी पाहिली होती. जुनी दगडाची खाण, वर नुसता मातीचा भराव. ‘इथे बांधू नये,’ असं तिने अहवालात स्वच्छ लिहिलं होतं.

बाहेर ऊन रणरणत होतं. आत, गाडीवाल्यांना बसायच्या खोलीत मात्र तळघरासारखा गारवा, आणि ओल्या मातीचा वास. कोपऱ्यातल्या बाकावर एक वायरमन बसला होता. डोक्यापासून पायापर्यंत मातीने माखलेला.

“या ताई,” तो हळूच म्हणाला. “केबलच्या चरात उतरायला मन घेत नव्हतं माझं. पण साहेबांनी तुमच्या सहीचा कागद दाखवला, जमीन पक्की असल्याचा... म्हणून उतरलो.”

“असा कागद मी दिलेला नाही.”

 

तिने बाहेर येऊन साहेबांना फोन लावला. वायरमनचं सगळं ऐकून ते म्हणाले,

“तो... मार्चमध्येच गेला गं. चर ढासळला. तुला त्रास नको म्हणून कळवलं नाही.”

“आणि माझी सही?”

“वरून घाई होती. तू काही ऐकलं नसतंस.” आवाज अगदी खाली आला. “त्याला सांगू नकोस... कोणी केली ते.”

 तिच्या नावाचा भरवसा देऊन या माणसाने एकाला जमिनीखाली धाडलं होतं. ती आत गेली.

“दादा, सही साहेबांनी केली.”

“मग मी उगीच तुमची वाट बघत बसलो,” तो म्हणाला. तिने डोळे पुसले तेव्हा बाक रिकामा होता.

परतीच्या वाटेवर काकूंचा फोन आला.

“अगं, तू वायरमन पाठवलास का? हे आतल्या खोलीत जाऊन बसलेत, हाकेला ओ देत नाहीत. आणि हा विचारतोय, या घराखाली काय भरलंय...”

“काकू, तुम्ही आधी बाहेर पडा.”

“तेच बघतेय गं... दारं उघडत नाहीयेत. चौकटीत रुतल्यासारखी बसलीत, सगळीच.”