काळ्या दोऱ्याची तोटी

रात्री ओसरीवर गुरुदत्तकाका पुतण्यांना गोष्टी सांगू लागले, की मी तान्हीला मांडीवर घेऊन दाराआड बसते. शिकलेल्या बाईनं असलं काही खरं मानू नये, हे मला ठाऊक आहे. तरी एक हात तान्हीच्या टाळूवर राहतोच. काका कळव्याच्या भातगिरणीत कारकून होते. त्यांनी सांगितलं ते असं :

"दौलत माझ्या चांगल्या ओळखीचा. राणीच्या जुबिलीचं साल, वैशाखातली अवस. त्याची आई हौसाबाई रात्री गिरणीवर त्याची भाकरी घेऊन आली. मी हिशेबाला तिथंच होतो. दौलत बाइलरच्या भट्टीवर आगवाला. आधी ते काम त्याच्या बापाचं, पंढरीचं. आदल्या साली बाइलरातलं पाणी आटलं, पत्रा फाटला आणि पंढरी भाजून मेला. 'झोपला असणार मेला,' असं सगळे म्हणाले.

"बाइलरात पाणी किती, ते बाहेरच्या काचेच्या नळीत दिसतं. तिच्याखाली एक तोटी; ती उघडून नळीतलं पाणी सोडायचं, बंद केली की बाइलरातून नवं वर चढतं. पंढरी गेल्यापासून तिला काळा दोरा बांधलेला. तोटी उघडली की पंढरी येतो म्हणे! म्हणून वर्षभर कोणी हात लावला नाही.

"दौलत घाबराघुबरा. म्हणाला, 'आये, बाइलर आज लई तापलाय. करपट वास येतोय. पण काचेत तर पाणी भरपूर हाय.'

"हौसाबाईनं कंदील काचेशी धरला. 'ह्ये पानी हालत का नाय रं? तुज्या बाच्या येळी कसं नाचायचं.'

"तिनं दोऱ्याला हात घातला. काळुराम मिस्त्री ओरडला, 'वहिनी, नको! तो येईल!'

"'येऊ दे की! माजाच दादला. मेला म्हून मना खाईल व्हय?'

"दोरा तुटला. तोटी उघडली. काचेतलं पाणी भसकन गेलं. तिनं तोटी बंद केली. पाणी परत वर यायला हवं होतं...

"आलं नाही.

"उन्हाळ्यात गिरणीच्या विहिरीत खाडीचं पाणी उतरतं. मिठानं काचेची वाट बुजली होती. काचेत दिसत होतं ते अडकलेलं पाणी. आत ठणठणाट.

"'म्हंजी बा झोपला नव्हता...' दौलत पुटपुटला.

"'पाणी सोडा आत!' मिस्त्री किंचाळला.

"'थंड पाण्यानं फाटंल! आग ओढा भाईर!' दौलत खोऱ्याकडं धावला. तेवढ्यात पत्रा कण्हला... गिरणीतल्या माणसांनी मायलेकांना ओढत अंगणात आणलं. दार लोटलं.

"सगळे बाहेर. मी मोजले नाहीत, पण आत राहील असा कोणी नव्हता.

"अंधार.

"मग आतून... खर्र... खर्र... लोखंड फरशीवर घासत होतं.

"काळुराम मागं सरकला. हौसाबाई मात्र दाराला पाठ लावून उभी राहिली, सगळ्यांच्या तोंडासमोर.

"'ऐका!' ती म्हणाली. 'झोपला व्हता म्हनता न? आता नीट ऐका!'

"खर्र... खर्र...

"मग काहीच नाही.

"बाइलर फाटला नाही. उजाडल्यावर दार उघडलं. निखारे सगळे बाहेर ओढलेले, विझलेले. भट्टी रिकामी. खोरं भिंतीला टेकवलेलं.

"दौलतनं ते उचललं. मूठ ओली होती... घामानं."