बेडकाला झोका

दुकानवजा खोलीत भिंतीवर अकरा घड्याळं होती, त्यांतली चालू तीन. एक टेबल, एक दिवा, तेलाचा मंद वास, आणि टेबलाखाली गुडघे पोटाशी घेऊन बसलेली पाच वर्षांची एक मुलगी.

एक योगशिक्षिका आली होती आपलं बंद पडलेलं घड्याळ घेऊन. पण योग शिकवणाऱ्या माणसाची नजर आधी श्वासाकडेच जाते. पोरगी श्वास जपून घेत होती... चोरून घेतल्यासारखा.

"आई गेल्यापासून चिंगीचं हे असंच," घड्याळजी हळूच म्हणाला. "डॉक्टर म्हणतात, काही झालेलं नाही."

शिक्षिका सरळ हातापायांवर आली, पाठीची कमान केली आणि म्हणाली, "म्याँव."

बऱ्याच वेळानं टेबलाखालून उत्तर आलं, "म्याँव."

घड्याळ लगेच दुरुस्त झालं. ती मात्र येतच राहिली. मागच्या खोलीत सतरंजी पसरायची, मग कधी मांजर व्हायचं, कधी झाड. एका पायावर उभं राहताना घड्याळजी हमखास कलंडायचा.

"हसा, हसा! वाळवी लागलेलं झाड आहे."

"वाळवी नाही, आळस," ती म्हणायची, आणि चिंगी खुदकन हसायची.

"बाई, चहा घेणार?"

"बाई नका म्हणू हो, केस पिकल्यासारखं वाटतं."

"मग काय म्हणू?"

"सुचलं की सांगा... मला घाई नाही."

पण घाई होतीच. तिचा भाऊ परदेशी चालला होता. दूरच्या गावी अंथरुणाला खिळलेल्या वडिलांपाशी आता तिलाच जायचं होतं. तिनं हे सांगितलं तेव्हा घड्याळजीनं मान खाली घातली आणि चिमट्यानं एक बारीकसा स्क्रू उचलला.

निघायच्या दिवशी तिनं चिंगीला उताणं झोपवलं, पोटावर नेहमीचा कापडी बेडूक ठेवला. "पोटात श्वास भरून दे बघू त्याला झोका."

बेडूक ढिम्म. इतक्या दिवसांत तो एकदाही हलला नव्हता.

"श्वास का गं अडवतेस?"

"सोडला तर स्क्रू उडतो. बाबा काम करताना असाच धरतो," चिंगी कुजबुजली. "उडालेलं परत सापडत नाही. आईसारखं."

दारात उभ्या घड्याळजीनं ते ऐकलं. तो आत आला, लेकीशेजारी आडवा झाला. शिक्षिकेनं बेडूक उचलून त्याच्या पोटावर ठेवला. तिथंही ढिम्म.

"बाबा, तूपण धरलायस!"

"सोडा की," ती म्हणाली. "इथं कुठं स्क्रू आहे?"

त्यानं डोळे मिटले. श्वास थरथरत बाहेर आला, आणि त्याच्या मागोमाग शब्द. "जाऊ नका असं म्हणणार नाही... तुम्हाला जावंच लागणार. पण तुम्ही इथं असाव्यात असं वाटतं — फार वाटतं."

"आत्ता सांगता?" ती त्याच्याशेजारी सतरंजीवर टेकली. "इतके दिवस कान तिकडेच लावून बसले होते मी... आता पाय निघेल का माझा?"

त्याच्या करंगळीला तिची करंगळी लागली. दोघांनीही हात मागे घेतला नाही.

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. चिंगीनं बेडूक ओढून स्वतःच्या पोटावर घेतला, बाबाकडे एकदा पाहिलं आणि तोंडानं फूऽऽ करून सगळा श्वास सोडला. मग नवा घेतला.

पिशवी खांद्याला लावून शिक्षिका वाकली आणि बोटं आडवी धरून मोजलं. बेडूक दोन बोटं वर आला होता.