तंबोरा जुळवायला कोणी उरलं नव्हतं

ज्यांना हे पटणार नाही त्यांच्याशी माझा वाद नाही. मला स्वतःलाच पटायला वेळ लागला. पण फाल्गुनातल्या त्या शनिवारी, दिवेलागणीला, त्या खोलीत मी होते. शुद्धीत होते. जे लिहिते आहे ते माझ्या कानांनी ऐकलं आहे.

जागा छत्रपती संभाजीनगरची. वेरूळच्या रस्त्यावरचं एक विद्यापीठ. नाव सांगत नाही, तिथली माणसं अजून नोकरीत आहेत.

माझे वडील, खंडेराव सर, तिथे गायन शिकवायचे. मी त्यांना दादा म्हणायचे. कन्नड तालुक्यातल्या मेंढपाळ घरातले ते पहिले प्राध्यापक. ते गायला बसले की दुसऱ्या विभागांची मुलंसुद्धा दाराबाहेर चपला काढून उभी राहायची.

मग उपकुलसचिवांची जागा रिकामी झाली. 'सहा महिने सांभाळा' म्हणून दादांना प्रशासनात नेलं.

ते सहा महिने पंधरा वर्षं चालले.

मी तेव्हा शाळेत होते. दादा, मला गाणं शिकवा, म्हणून मागे लागायचे. ते फायलीतून मान वर न करता म्हणायचे, "परीक्षा उरकू दे, माय. मग बसू."

विद्यापीठाच्या परीक्षा कधी उरकत नसतात.

घरातलं त्यांचं गाणं हळूहळू थांबलं. शेवटी त्यांनीच हट्टाने विभागात परत बदली मागून घेतली. ऑर्डर निघाली त्या रात्री जेवताना आईला म्हणाले, सोमवारपासून मी साहेब नाही, मास्तर. आई म्हणाली, "आवाज उरला असला म्हणजे मिळवलं." दोघंही हसले.

रविवारी दुपारी ते झोपले, ते उठलेच नाहीत.

त्यांच्या विभागात एक रीत आहे. शिक्षक गेला की त्याच्या तंबोऱ्याच्या तारा सैल सोडतात आणि कापडी गवसणी चढवून तो कोपऱ्यात ठेवतात. तेराव्यानंतर त्याचा थोरला शिष्य तो जुळवतो आणि गातो. मग गेलेला मोकळा झाला, असं मानतात. तोवर कोणी हात लावायचा नाही.

तेरावा झाला. आणि तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं...

दादांना शिष्यच उरला नव्हता.

जुने विद्यार्थी होते, पण ते केव्हाच दुसऱ्या गुरूंचे गंडे बांधून बसले होते. नवा कोणी घडलाच नव्हता. साहेब घडवतो कोणाला?

तंबोरा कोपऱ्यातच राहिला.

काही आठवड्यांनी विभागातल्या करुणा मॅडमचा फोन आला. दादांची खोली आता त्यांच्याकडे होती. बराच वेळ त्या आईची चौकशी करत राहिल्या. मग म्हणाल्या की सरांचा तंबोरा घरी घेऊन जा. दुपारी तारा सैल असतात, संध्याकाळी जुळलेल्या सापडतात. मुली त्या खोलीत बसायला तयार नाहीत.

मी गेले.

मुंजाबा शिपायाने कुलूप काढून दिलं. म्हणाला, "सर हापिसात होते तवा एका सहीसाठी चार चकरा माराव्या लागायच्या, ताई. आता बोलवायचं बी काम नाय. रोज येतेत." मग स्वतःच्याच बोलण्याला दचकला आणि भराभरा जिना उतरून गेला.

करुणा मॅडमनी माझ्यासमोर गवसणी काढून दाखवली. तारा लोंबत होत्या. गवसणी परत चढवून त्या व्हरांड्यात जाऊन उभ्या राहिल्या.

मी सतरंजीवर बसले. खिडकीत कबुतरं घुमत होती. रस्त्यावरून एसटी जात होत्या.

आणि मग...

कबुतरं गप्प झाली.

रस्ताही.

गवसणीच्या आत... खुंटी करकरली.

एक तार वर चढू लागली. घाई नव्हती. पंचमावर येऊन थांबली. मग मधल्या जोडाची एक. मग दुसरी. मग शेवटची, खरजाची. दादा प्रत्येक तार लागली की खाकरायचे. इथे खाकरणं नव्हतं.

पण प्रत्येक तारेनंतर... तेवढी जागा सोडलेली होती.

तंबोरा वाजू लागला. मला भीती वाटली नाही. मला एवढंच हवं होतं की त्यांनी एकदा गावं.

"गा ना, दादा," मी म्हणाले.

कोणी गायलं नाही. तारा वाजत राहिल्या. पुन्हा पुन्हा, त्याच लयीत, न कंटाळता.

मग मला कळलं. ते गायला आले नव्हते. पहिल्या दिवशी नव्या विद्यार्थ्याला सूर देऊन गुरू थांबतो, तसे थांबले होते.

मी सा लावला. रडून बसलेला घसा. स्वर फाटला आणि त्यांच्या पट्टीच्या खाली कुठेतरी जाऊन पडला.

तंबोरा थांबला...

खुंट्या पुन्हा करकरल्या. या वेळी उलट्या. चारही तारा एकेक करून खाली उतरल्या, माझा आवाज जिथे पडला होता तिथपर्यंत.

करुणा मॅडम आत आल्या. त्यांनी गवसणी काढून तारा छेडल्या आणि पेटीवर तो सूर शोधला. काळीत सापडेना, पांढरीत सापडेना. दोन्हींच्या मध्येच होता कुठेतरी.

"ही कोणाची पट्टी?" त्यांनी विचारलं.

मी गवसणी उचलून पुन्हा तंबोऱ्यावर चढवली.

तंबोरा आता आमच्या घरी आहे. उन्हाळ्यात तारा उतरतात, तंबोरा रोज जुळवावा लागतो. हा उतरलेला नाही. त्याला कोणी हात लावत नाही.

रोज दिवे लावले की... एक तार वाजते. एकदाच. मग थांबते.

आई टीव्हीचा आवाज बंद करते. परवा म्हणाली, "किती ताटकळत ठेवशील त्यांना? लाव की सूर."

मी म्हणाले, "मी गायले की ते जातील ना, आई?"

ती उठून स्वयंपाकघरात गेली. बराच वेळ नळ वाहत होता.

आजही तार वाजली. मी तोंड उघडलं...

आणि मिटून घेतलं.